कोरी ओळ

“न्याय झाला,” मामा म्हणाला आणि वर्तमानपत्राचं कात्रण माझ्यापुढे सरकवलं. “उशिरा झाला, पण झाला.”

फोटोत अमोल मुझुमदार होता. २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, आणि वर्ल्ड कप जिंकलेली भारतीय कप्तान आपल्या कोचच्या पायाला हात लावतेय.

मामाचं घर वाकोल्याला, दत्त मंदिर रोडवर. विमानतळ इतका जवळ की बोलताना मधूनच वाक्य तोंडात धरून ठेवावं लागतं आणि आवाज ओसरला की सोडलं होतं तिथून पुढं न्यावं लागतं. या घरात वाढलेल्या माणसांना ती सवयच होऊन जाते. फायनलनंतरचा पहिला रविवार होता. सकाळी आझाद मैदानावर पंधरा वर्षांखालच्या मुलींच्या मॅचला मी स्कोअरर म्हणून गेले होते आणि तिथून थेट इकडे आले होते. पिशवीत स्कोअरबुक, दोन रंगांची पेनं, खोडरबर. मामा बावीस वर्षं कांगा लीगमध्ये विकेटकीपर होता. नोकरी बँकेत, जीव मैदानावर. मी पुस्तकात लिहिते, त्याने स्टंपांमागून पाहिलंय. आमच्या भांडणाची सुरुवात नेहमी तिथूनच होते.

“कसला न्याय?” मी विचारलं.

“कसला म्हणजे? ज्याला इंडियाची टोपी कधी मिळाली नाही, त्याने इंडियाला वर्ल्ड कप मिळवून दिला. आणखी काय पाहिजे?”

“मामा, ही दोन खाती वेगळी आहेत. आयुष्य बँकेत काढलंस, तुला मी सांगायचं? या खात्यातली थकबाकी त्या खात्यात पैसे आले म्हणून फिटते का?”

“म्हणजे थकबाकी होती हे तुला मान्य आहे तर.”

“तेच तर ठरवायचंय. तो बॅट्समन म्हणून खरंच केवढा होता?”

मामाने चष्मा काढला. तो चष्मा काढतो तेव्हा त्याला आकडे पाठ असतात. “१७१ फर्स्ट क्लास मॅचेस. ११,१६७ रन. तीस सेंच्युऱ्या. ॲव्हरेज ४८.१३. रणजीतले नऊ हजारांच्या वर. अमरजीत केपीचा रणजीतचा विक्रम त्याने मोडला. नंतर वसीम जाफर त्याच्याही पुढे गेला, ती गोष्ट वेगळी. तू स्कोअरर ना? मग आकड्यांवर तुझा विश्वास नाही?”

“विश्वास आहे म्हणूनच विचारते. आकडा कुठल्या मैदानावर, कुणासमोर झाला हेही पुस्तकात असतं. इंग्लंडचा ग्रॅम हिक आठव. फर्स्ट क्लासमध्ये १३६ सेंच्युऱ्या. काउंटीत बॉलर त्याला बॉल टाकायला घाबरायचे. कसोटीत ॲव्हरेज किती? ३१. मार्क रामप्रकाशच्या ११४ सेंच्युऱ्या, कसोटीत ॲव्हरेज २७. देशातल्या क्रिकेटमध्ये डोंगर उभा करणारा वरच्या पायरीवर टिकतोच असं नाही. रणजीचे रन म्हणजे कसोटीचे रन नव्हेत.”

“बरोबर,” मामा म्हणाला. तो इतक्या लवकर ‘बरोबर’ म्हणाला की मला सावध व्हायला हवं होतं. “हिकला कसोट्या किती मिळाल्या?”

“पासष्ट.”

“पासष्ट! रामप्रकाशला?”

“बावन्न.”

“मग? ते नापास झाले हे तुला आज ठामपणे सांगता येतं, कारण त्यांना पेपर मिळाला. पुन्हा पुन्हा मिळाला. अमोलच्या हातात पेपरच दिला नाही. त्याचे मार्क तू कशावरून काढणार? दिल्लीच्या अजय शर्माने दहा हजारांवर रन केले ६७ च्या ॲव्हरेजने. त्यालाही एकच कसोटी. पण एक तरी मिळाली. त्याला नातवंडांना सांगता येईल.”

एक विमान गेलं. मी उत्तर तोंडात धरून ठेवलं. खरं तर तेवढा वेळ मला हवाच होता.

“मान्य,” मी म्हणाले. “पण याची दुसरी बाजू बघ. न खेळलेली इनिंग कधी खराब होत नाही, मामा. ब्रिस्बेनला मॅकग्राच्या बॉलवर तो दोनवर आउट झालेला आपण पाहिला नाही, म्हणून आपल्या डोळ्यांपुढे तो तिथे शतकच मारतो. त्याला संधी मिळाली असती तर तो द्रविड झाला असता, असं लोक सहज म्हणून जातात. हा द्रविडवर अन्याय आहे. त्याने १३,२८८ रन खरोखर काढले, एकेक करून. हाताच्या कातड्या सोलवटून.”

“मी द्रविड झाला असता म्हणत नाही.”

“मग काय म्हणतोस?”

मामा उठला आणि दोन्ही हात पुढे धरून कीपिंगला बसतात तसा अर्धवट वाकला. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघे कुरकुरतात, पण हात अजून बरोबर जागेवर येतात. “हे बघ. मी इथे आहे. बॉल पडला, वळला, मला दिसला. माझे ग्लोव्हज त्याच्याकडे निघाले. साधा बॅट्समन असेल तर त्याची बॅट आधीच कुठेतरी गेलेली असते. मला कळतं, हा चुकलाय किंवा लागलाय. चांगला बॅट्समन असतो ना, तो मला फसवतो. मला वाटतं बॉल माझा झाला. अगदी ग्लोव्हजमध्ये शिरतोय असं वाटतं आणि तेवढ्यात मधूनच बॅट येते. मैदानावर असे तीनचार जण भेटले मला अख्ख्या आयुष्यात. दर वेळी वाटायचं, माझ्या हातातली वस्तू कुणीतरी उचलून नेली.” तो सावकाश खुर्चीत बसला. “अमोलला मी वानखेडेवर खूप पाहिलंय. रणजीच्या मॅचला, पन्नास माणसं नसायची स्टँडमध्ये. मी लांबून बघायचो आणि समोरच्या कीपरचे हात बघायचो. ते हात फसायचे. हे तुझ्या पुस्तकात कुठे लिहितात?”

कुठेच लिहीत नाहीत. मी तसं सांगितलं.

मग व्हायचं ते झालं: मामा आझाद मैदानावर पोचला. मुझुमदारबद्दल मुंबईत कुणीही बोलू लागलं की पाच मिनिटांत तिथे पोचतोच. फेब्रुवारी १९८८, हॅरिस शिल्डची सेमी फायनल, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. चौदा वर्षांचा सचिन नाबाद ३२६, सोळा वर्षांचा विनोद कांबळी नाबाद ३४९, दोघांची ६६४ ची भागीदारी. आणि तंबूत पुढचा बॅट्समन, तेरा वर्षांचा अमोल, पॅड बांधून बसलेला. दिवस गेला, पॅड तशीच. दुसरा दिवस आला, पुन्हा पॅड बांधली. दोन बाद ७४८ वर डाव सोडला गेला.

“त्या दिवशी जे सुरू झालं ते शेवटपर्यंत संपलं नाही,” मामा म्हणाला. “जन्मभर पॅड बांधूनच राहिला पोरगा.”

मला ही गोष्ट आवडत नाही, हे मी त्याला सरळ सांगितलं. गोष्ट खरी आहे. पण ती इतक्या वेळा आणि इतक्या हळहळीने सांगितली गेलीय की एका माणसाच्या वीस वर्षांच्या खेळावर तिने पांघरूण घातलंय. तो बसून राहिला नाही. तो १७१ वेळा मैदानात उतरला. १९९४ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, हरियाणाविरुद्ध फरीदाबादला त्याने पहिलाच फर्स्ट क्लास सामना खेळला आणि २६० काढले. पदार्पणात एवढे रन तोवर जगात कुणीच काढले नव्हते. खुद्द गुंडप्पा विश्वनाथने पदार्पणात २३० केले होते. अमोलचा तो विक्रम २०१८ च्या डिसेंबरपर्यंत टिकला. मग मध्य प्रदेशच्या अजय रोहेराने नाबाद २६७ काढले. जवळजवळ पंचवीस वर्षं! ज्याच्या नावावर हे आहे त्याची ओळख आपण ‘पॅड बांधून बसलेला मुलगा’ एवढीच ठेवली, तर आपणच त्याला पुन्हा त्या तंबूत नेऊन बसवतो.

“हे बरोबर बोललीस,” मामा म्हणाला आणि थोडा वेळ गप्प राहिला.

“पण मग,” तो पुन्हा सरसावला, “दोनशे साठ काढणाऱ्याला, इंडिया ‘ए’मध्ये द्रविड-गांगुलीच्या बरोबरीने उभा राहिलेल्याला घेतलं का नाही? लोक म्हणतात जागा नव्हती. सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण. चौघांची भिंत. मला हे उत्तर अर्धं वाटतं. भिंत एका दिवसात उभी राहत नाही. १९९६ चा इंग्लंड दौरा आठव. सिद्धू दौरा सोडून परतला, मांजरेकरचा पाय दुखावला, आणि लॉर्ड्सला दोन जागा रिकाम्या झाल्या. गांगुलीने १३१ मारले, द्रविडने ९५. दोघांनी सोनं केलं, त्यांचं श्रेय त्यांना. पण दार उघडलं होतं ना? बोटीत ज्याला बसवलं तोच पलीकडे पोचणार.”

“आणि त्यांच्याऐवजी तो असता तर?”

“ते मला विचारू नकोस, मघाशी तूच म्हणालीस न खेळलेली इनिंग खराब होत नाही. मी पुढचं सांगतो. सहा नंबरची जागा तर नंतर कितीतरी वर्षं उघडीच होती. आपल्या पुण्याचा कानिटकर दोन कसोट्या खेळला. कर्नाटकचा विजय भारद्वाज तीन, हेमांग बदानी चार. चांगली पोरं होती, माझा कुणावर राग नाही. पण इतक्यांना बोलावलं तर एकदा याला बोलवायला काय हरकत होती?”

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. “मामा, ज्यांची नावं घेतलीस ते तिघं बॉलिंग टाकायचे. सहा नंबरला निवड समितीला बॅट्समन नको असायचा, बॅट्समन अधिक आठदहा ओव्हर हवे असायचे. अमोल अस्सल बॅट्समन. त्याचं काम एकच, आणि त्या कामाच्या जागा भरलेल्या. यात कुणी दुष्ट असायची गरजच नाही. संघाची गरज आणि माणसाचा गुण यांचं जुळलं नाही.”

“म्हणजे नशीब.”

“नशीब म्हटलं की निवड करणारे सुटतात. मी त्यांना सोडत नाहीये. एवढंच म्हणते की त्याला न घेण्यात त्याच्या कुवतीचा निकाल नव्हता. लोक मात्र तो निकाल समजून बसलेत. ‘घेतलं नाही म्हणजे काहीतरी कमी असणार’, हे मी मैदानावर दर आठवड्याला ऐकते. आणि दुसरे असतात तुझ्यासारखे, ‘घेतलं नाही म्हणजे नक्कीच महान असणार’. दोघंही एकाच कोऱ्या जागेत आपापल्या मनातलं लिहितात.”

मामाला ते लागलं. त्याने कात्रणाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

मग विषय कांबळीवर गेला, आणि दोघांचेही आवाज खाली आले. त्याला टोपी मिळाली. सतरा कसोट्या, १,०८४ रन, ॲव्हरेज ५४.२०. लागोपाठच्या दोन कसोट्यांत द्विशतकं, इंग्लंडविरुद्ध वानखेडेवर २२४, झिम्बाब्वेविरुद्ध दिल्लीत २२७. आणि वयाच्या तेविसाव्या वर्षी शेवटची कसोटी. मामा म्हणाला, “लोक याला वाया गेला म्हणतात. चोपन्नच्या ॲव्हरेजने! एका वर्गातले दोघं. एकाला पेपर मिळाला नाही म्हणून तो मोठा, एकाला पेपर मिळाला, त्याने पहिल्या तासात नव्वद मार्कांचं लिहिलं आणि मग त्याची उत्तरपत्रिका काढून घेतली म्हणून तो छोटा. हे मला कधी समजलं नाही.”

मलाही समजलेलं नाही. त्यावर आम्ही वाद घातला नाही.

“आणि पॅडी?” मामाने आपला हुकमी एक्का काढला. त्याच्या पिढीला पद्माकर शिवलकर म्हटलं की डोळ्यांत पाणी येतं. ५८९ फर्स्ट क्लास विकेट, एकोणीसच्या ॲव्हरेजने. १९७२-७३ ची रणजी फायनल चेपॉकवर, तामिळनाडूविरुद्ध एका डावात १६ रनमध्ये आठ आणि दुसऱ्यात १८ मध्ये पाच. पण समोर बिशनसिंग बेदी होता, आणि कसोटीची टोपी शेवटपर्यंत नाही. २०१७ मध्ये मंडळाने सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला, हरियाणाच्या राजिंदर गोयलबरोबर. त्या बिचाऱ्याच्या तर साडेसातशे विकेट. २०२५ च्या मार्चमध्ये पॅडी गेला. आणि त्याही आधीचे कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा जागतिक विक्रम दहा रनांवर आला असताना समोरच्या संघाने मॅचच सोडून दिली. निंबाळकर एकही कसोटी खेळले नाहीत.

“बघ,” मामा म्हणाला, “निंबाळकरांना त्या दहा रनांची भरपाई कुणी दिली? पॅडीला पुरस्कार दिला, टोपी नाही. म्हणून मी म्हणतो, यांच्यातल्या एकाला तरी जिवंतपणी, हातपाय चालत असताना, सगळा देश बघत असताना काही मिळालं. मंगळवारी एक्कावन्न पूर्ण होतील त्याला. मला न्याय म्हणू दे ना.”

एवढ्या मायेने तो म्हणाला की मला पुढे बोलणं जड गेलं. तरी बोलले. कारण मला वाटतं, ‘न्याय’ म्हटलं की फाइल बंद होते. वर्ल्ड कप मिळाला, हिशेब मिटला, आता कुणाला काही विचारायला नको. जो जिवंत आहे त्याचा हिशेब आपण त्याला न विचारता मिटवायचा कसा?

“मग त्याचं मोठेपण कशात बघायचं? तू सांग.”

मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली २००६-०७ चा मोसम. मुझुमदार मुंबईचा कप्तान. सुरुवातीलाच हरत हरत मुंबई तळाशी गेली होती. तिथून वर येत सेमी फायनल गाठली, बडोद्याला. दुसऱ्या डावात मुंबईचा धावफलक होता शून्यावर पाच. माझ्या पुस्तकात असं कधी लिहायची वेळ आली तर माझा हात थरथरेल. एकही रन नाही आणि पाच जण परत. ती मॅच मुंबईने जिंकली, आणि मग वानखेडेवर बंगालला हरवून सदतिसावी रणजी. त्या फायनलला सचिन खेळला, त्याने शतक केलं. सचिन मुझुमदारच्या कप्तानीखाली खेळला, हे आजच्या मुलांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही.

“आणि दुसरी?”

“दुसरी आसाम. २००९ मध्ये मुंबई सोडून तो आसामला गेला. मग आंध्रला. मुंबईचा कप्तान राहिलेला माणूस गुवाहाटीच्या ड्रेसिंग रूममध्ये नव्या पोरांच्या शेजारी बसून पुन्हा पॅड बांधतो. टीव्हीवर कुणी दाखवत नाही, पेपरात चार ओळी येतात. निवड आता होणार नाही हे त्याला कळत नव्हतं का? तरी रन काढत राहिला. २०१४ पर्यंत. मला ॲव्हरेजपेक्षा हे मोठं वाटतं, आणि हे त्याचं स्वतःचं आहे. यात कुणाच्या वर्ल्ड कपची भर घालायला नको.”

मामी इतका वेळ दाराशी पाटावर बसून डाळिंब्या सोलत होती. परातीत हिरव्या डाळिंब्यांचा ढीग, बाजूला सालींचा. तिने मान वर केली.

“तासभर झाला,” ती म्हणाली, “दोघं मुलींच्या वर्ल्ड कपवर भांडताय. अजून एकाही मुलीचं नाव दोघांच्या तोंडातून आलं नाही.”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. खरंच आलं नव्हतं. दिवसभर मुलींच्या मॅचचं पुस्तक लिहून आलेली मी, माझ्याही तोंडातून नाही. याची मला आजही रुखरुख आहे.

“न्याय झाला असेल तर तो त्यांचा,” मामी म्हणाली. “त्या मिताली राजने दोन फायनल हरल्या. झूलनने एवढी वर्षं बॉलिंग टाकली, कप नाही. परवा पोरींनी त्यांच्या हातात कप दिला ना मैदानात बोलावून, तेव्हा मी रडले. तुम्ही त्या कपवर एका पुरुषाची भरपाई मांडताय.”

मामा शरमला, पण खेळाडूच तो. “शेफाली,” तो म्हणाला. “फायनलला ८७ आणि दोन विकेट. संघात नव्हतीच, प्रतीका रावल जखमी झाली म्हणून बोलावलं. दीप्तीचे ५८ आणि पाच विकेट. आणि सेमी फायनलला आपली जेमिमा, ऑस्ट्रेलियासमोर ३३९ चा पाठलाग, नाबाद १२७.”

जेमिमाचं नाव निघालं आणि माझ्या मनात एक गोष्ट अशी काही जुळली की मी खुर्चीत सरळ बसले.

“मामा, इंदूरच्या मॅचला जेमिमा कुठे होती?”

“इंग्लंडविरुद्ध? बाहेर.”

“का?”

“बॉलर कमी पडत होते. रेणुकाला घेतलं. सहावा बॉलर...” तो थांबला.

“सहावा बॉलर पाहिजे होता,” मी वाक्य पुरं केलं. “अस्सल बॅट्समन बसली. नेमका तोच हिशेब. कानिटकर, भारद्वाज, बदानी यांच्या वेळचा. आणि या वेळी तो हिशेब मांडणाऱ्यांत अमोल मुझुमदार होता.”

विमान गेलं नाही, तरी बराच वेळ कुणी बोललं नाही. मामीचा हातही थांबला होता.

“म्हणजे त्याने तेच केलं जे त्याच्यावर झालं होतं?” मामाने हळूच विचारलं.

“खुर्चीत बसलेल्या माणसाला कुणाला तरी बाहेर बसवावंच लागतं. अकराच जागा असतात. ती मॅच आपण हरलो, लागोपाठ तिसरी. पण बघ, चार दिवसांनी न्यूझीलंडविरुद्ध जेमिमा आत होती, आणि तीन नंबरला. नाबाद ७६. तिची वाट एका मॅचची होती. फरक असला तर एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे. बाहेर बसवताना ‘तू कमी आहेस’ असं तिला कुणी कायमचं ऐकवलं नाही. मला खात्री आहे, ते शब्द किती वर्षं पुरतात हे त्या ड्रेसिंग रूममध्ये एका माणसाला नीट माहीत होतं.”

“मग त्याची जन्मभराची वाट कामी आलीच की!” मामाचे डोळे चमकले.

“कामी आली. भरपाई झाली नाही. मी सकाळपासून एवढंच म्हणतेय.”

“सकाळपासून नाही, चार वाजल्यापासून,” मामी म्हणाली आणि परात घेऊन आत गेली.

मामाने थोड्या वेळाने विचारलं, “तुझ्या पुस्तकात त्याच्यापुढे काय लिहिशील? समज, इंडियाचं मोठं पुस्तक तुझ्या हातात दिलं.”

मी पिशवीतून सकाळचं स्कोअरबुक काढलं. पान उघडून त्याच्यापुढे धरलं. मुलींनी चार विकेटवर रन पार केले होते. पहिल्या सहा नावांपुढे टिंबं, एक्के, चौके, आउट कसं, कुणी घेतलं. त्याखाली पाच नावं आणि पुढे काही नाही. सातव्या नंबरची मुलगी मॅच संपल्यावर माझ्या टेबलाशी आली होती. बारातेरा वर्षांची, घामाने केस कपाळाला चिकटलेले. तिसरी विकेट पडल्यापासून पॅड बांधून उन्हात बसली होती. पॅडचा वरचा पट्टा तुटका, तिथे बुटाची नाडी बांधलेली. “ताई, माझं नाव आहे ना पुस्तकात?” तिने विचारलं. मी दाखवलं. तिने नावावर बोट ठेवलं, मग पुढच्या कोऱ्या चौकोनावर. “इथे शून्य लिहिणार?”

“नाही गं,” मी तिला सांगितलं होतं. “शून्य खेळून आउट झालेल्यांना. तू डीएनबी. बॅटिंगच आली नाही. ॲव्हरेज काढताना ही मॅच धरतच नाहीत.”

“म्हणजे कमी नाही होत?”

“कमी नाही होत. जास्तही नाही होत.”

मामाने चष्मा घातला. पुस्तक उजेडाकडे नेलं. सातव्या ओळीवर बोट टेकवलं आणि ते सावकाश उजवीकडे नेत पानाच्या काठापर्यंत आणलं. मग पुन्हा डावीकडे येऊन ते नाव त्याने मोठ्याने वाचलं, त्याच्या खालचंही, आणि त्याच्या खालचंही, अकराव्यापर्यंत.